गहू नसलेलं मेतकूट

"हळद झाली, तिखट झालं. आता ते मेतकूट द्या. ती पुडी नाही, वरच्या फळीवरची. 'गहू नाही' लिहिलेली."

वाकळे मॅडमनी असं म्हणून बोट वर केलं. मॅडम सोलापूरच्या अन्न तपासणीच्या ऑफिसातल्या. आठवडाही झाला नव्हता, मी त्यांना त्यांच्या ऑफिसात भेटून आले होते. हात जोडून सांगून आले होते, की बाई, माझं नाव कुठं येऊ देऊ नका. आणि त्या आल्या, त्या घटकेला मीच मेली शेंगदाणे घ्यायला दुकानात उभी! माझं नशीबच तसलं. मॅडमनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि जन्मात कधी ओळख नसल्यासारखी नजर फिरवली.

दुकान गुरुलिंगअप्पा होनरावांचं. बार्शीत आमच्या पेठेतलं जुनं किराणा दुकान. अप्पा लिंगायत वाणी, साठी ओलांडलेले, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग. शाळकरी पोरालाही अहो-जाहो करणारा माणूस, पण मला मात्र 'शालन' म्हणून एकेरी हाक. माझं माहेर तुटलेलं, तेव्हा ती हाक मला गोड लागायची.

अप्पा स्टुलावर चढले. वरच्या फळीवर हात घातला आणि तिथंच थोडे थांबले. पुडीवरचं स्वतःचंच अक्षर पहिल्यांदा वाचत असल्यागत बघत राहिले. मग चार पुड्या घेऊन खाली उतरले.

"घ्या मॅडम," म्हणाले, "नीट तपासा."

आता मी तक्रार का केली होती ते सांगते, नाहीतर म्हणाल काय कैदाशीण बाई आहे.

माझी देवयानी तेव्हा तिसरीत होती. वय आठ, पण बघणारा पाच म्हणायचा. पोट फुगलेलं, हातापायाच्या काड्या, दिवसातून पाच-पाचदा परसाकडं पळायची. सगळे डॉक्टर झाले, अंगारे-धुपारे झाले. शेवटी सोलापूरच्या एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, हिला गव्हाचं वावडं आहे. साधंसुधं नाही. गहू हिला विष. चपाती, पाव, बिस्कीट, शेवया, रवा, मैदा, जन्मभर बंद. कणसुद्धा नको.

घरी येऊन सांगितलं तर जाऊबाई हसल्या. "गव्हानं कुणी आजारी पडतं व्हय? लाडावून ठेवलीय पोरीला." पाहुण्यारावळ्यांत कुणी आम्हाला हिंग लावून विचारेना. एकटे गुरुलिंगअप्पा तेवढे सगळं ऐकून घ्यायला दुकानाच्या पायरीवर बसले.

"मग खाती काय पोरगी?"

"मऊ भात. त्यावर तूप आणि तुमचं मेतकूट. दुसरं काही पोटात राहत नाही."

अप्पा ताडकन उठलेच. "अगं, मेतकुटात मूठभर गहू असतोय की! थांब. मी बिनगव्हाचं करतो."

"अप्पा, एका पोरीसाठी कुठं कढई चढवता?"

"एका पोरीसाठी कोण करतंय? मी वाणी आहे का धर्मशाळा? डॉक्टरांनी गहू बंद केलेली दहा गिऱ्हाइकं आहेत माझी. ती नेतील."

तेव्हापासून दुकानात 'गहू नाही' लिहिलेल्या पुड्यांची रांग दिसायला लागली. मलाही बरं वाटलं, कुणाचे उपकार नकोत. देवूला मी घरी बसवून एक शब्द गिरवून घेतला. गहू. म्हटलं, कुठल्याही पुड्यावर 'गहू' नाहीतर 'गव्हाचे' दिसलं आणि पुढं 'नाही' नसलं, की तोंड फिरवायचं, मग देणारा देव का असेना.

चपाती बंद झाली तशी पोर जरा सावरली. आम्ही भगवंताला नारळ फोडला. आणि महिना-दोन महिन्यांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पोट बिघडलं की मी मऊभात-मेतकूट वाढवायची. वाढवलं की आणखी बिघडायचं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि माझ्यावरच डाफरले. "गहू जातोय हिच्या पोटात. थोडा, पण रोज जातोय. कुठून, ते तुम्ही शोधा. नाहीतर वाढ खुंटली ती खुंटली, मग माझ्याकडे येऊ नका."

मी घर उभं-आडवं केलं. सासूबाईंनी लपवून बिस्कीट दिलं का म्हणून त्यांच्याशी भांडले. शाळेत जाऊन बाईंशी भांडले. गिरणीवाल्याला सांगून सकाळचं पहिलं दळण आमच्या ज्वारीचं लावलं, म्हणजे गव्हावर ज्वारी पडायला नको. सगळं करून झालं, आणि मग राहिलं मेतकूट.

एकदा भीत-भीत अप्पांना विचारलंही. "अप्पा, चुकून एखादी मूठ गहू पडत तर नसेल?" अप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी गळ्यातलं लिंग मुठीत धरलं आणि म्हणाले, "शालन, ह्याची शपथ. गव्हाचा दाणा नाही त्यात."

झालं! लिंग हातात धरून शपथ घेतलेल्या माणसाला दुसऱ्यांदा कसं विचारायचं? विचारलं तर त्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं, नाही विचारलं तर पोर हातची जाणार. मी रात्रंदिवस कुढले. शेवटी सोलापूरच्या दवाखान्यातून निघाले ती तशीच वाकळे मॅडमच्या ऑफिसात गेले. आजही कुणी विचारलं तर सांगेन, केलं ते बरोबरच केलं. आईनं नाही करायचं तर कुणी करायचं? पण माणूस चांगला असला की बरोबर गोष्टही करवत नाही, एवढं खरं.

तर मॅडम पुड्यांवर लाखेचं सील लावत होत्या आणि तेवढ्यात समोरून रतनशेठ आले. व्यापारी संघाचे अध्यक्ष. माझे मालक नागनाथ त्यांच्याच आडतीवर मुनीम. म्हणजे आमची चूलच त्यांच्या हातात.

"काय चाललंय?" रतनशेठ ओरडले. "अप्पाच्या दुकानात तपासणी? पेठेतला एवढा सरळ माणूस, त्याच्यावर? कुणी केली तक्रार? मॅडम, नाव सांगा. त्या माणसाला ह्या पेठेत पाय ठेवू देणार नाही. चिमूटभर मीठसुद्धा मिळणार नाही त्याला!"

पायरीखाली माणसं जमली होती. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "नाव सांगता येत नाही."

"म्हणजे आहे कुणीतरी!" रतनशेठनी गर्दीवरून नजर फिरवली. ती फिरत-फिरत माझ्याकडे यायला लागली.

"कुणी नाही रतनशेठ," अप्पा म्हणाले. "मीच बोलावलं मॅडमना."

मॅडमचा हात लाखेवर तसाच राहिला. मी तर आ वासून बघत राहिले.

"तू? कशाला?"

"कशाला म्हणजे? माल माझा, नाव माझं. एकदा सरकारी शिक्का बसलेला बरा. लोक डोळे झाकून नेतात, म्हणून आपणही डोळे झाकायचे व्हय?"

रतनशेठ काही पटलेले दिसेनात. मॅडमनी कागद पुढे केला. "नमुना घेताना हजर होतो म्हणून एका साक्षीदाराची सही लागते. कोण करतंय?"

गर्दी एक पाऊल मागं सरकली. सरकारी कागदावर सही म्हणजे उद्या कोर्टाच्या चकरा, असं पेठेत प्रत्येकाला वाटतं. कुणी टोपी सारखी केली, कुणाला घरचं काम आठवलं.

"शालन करेल," अप्पा म्हणाले. "ये गं. आपल्या माणसाची सही पाहिजे. घरचीच आहेस तू."

कशीबशी सही केली. रतनशेठ बघत होते. माझ्या डोक्यावरचा पदर, माझी वेडीवाकडी सही, सगळं बघून ते मऊ झाले. म्हणाले, "घाबरू नका वहिनी, अप्पाचा माल सोनं आहे. काही निघत नाही त्यात." आणि निघून गेले.

खरं सांगू? मला अप्पांचा रागच आला. म्हटलं, वाणी तो वाणीच! चारचौघांत अब्रू जायला नको म्हणून 'मीच बोलावलं' असं धडधडीत खोटं बोलला. आणि जो माणूस हे खोटं इतकं सहज बोलतो, त्याच्या शपथेवर काय म्हणून विश्वास ठेवायचा? त्या दिवसापासून मी देवूला मेतकूट देणं बंद केलं. पुडी मात्र आठवड्याला आणतच होते, संशय नको म्हणून. आणून कोठीत टाकायची. पण नवल असं, की मेतकूट बंद करूनही पोरीला म्हणावा तसा उतार पडेना.

तीन आठवडे गेले असतील. दुपारची वेळ, दुकानातून निरोप आला. मॅडम आल्यात, साक्षीदाराला बोलावलंय. देवूला बघायला त्या दुपारी घरी कुणी नव्हतं म्हणून कडेवर घेतली. आठ वर्षांची पोर, पण कडेवर ओझं काही लागायचं नाही.

अप्पा गादीवर बसले होते. चेहरा राखेसारखा. मॅडम म्हणाल्या, "मेतकुटात गव्हाचा अंश निघालाय. फार नाही, पण आहे."

मी काही बोलायच्या आधी अप्पाच म्हणाले, "शालन, मी शपथ घेतली होती."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते ढोंग नव्हतं. ढोंग करणाराला असं रडता येत नाही. माझा तीन आठवड्यांचा राग तिथल्या तिथं विरघळला आणि त्याच्या जागी भीती आली. ह्या माणसानं गहू घातला नाही, मग गहू आला कुठून?

"ह्या मेतकुटात जे-जे घालता, ते सगळं माझ्यासमोर मांडा," मॅडम म्हणाल्या.

अप्पांनी मांडलं. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ. मोहरी, मेथी, जिरं, धणे. सुंठ, हळद. प्रत्येक डबा उघडून मॅडमनी तळहातावर घेऊन बघितलं. डाळी निवडलेल्या, चाळलेल्या. "कढई वेगळी आहे," अप्पा सांगत होते, "दळण घरच्या जात्यावर. गव्हाचं पोतं तर मी दुकानाच्या पार त्या टोकाला नेऊन ठेवलंय."

"संपलं सगळं?"

"संपलं की. आणि मग शेवटी हिंग. तो काय, हिंगच."

"दाखवा."

अप्पांनी पितळेचा डबा पुढे ओढला. झाकण उघडल्याबरोबर वासाने सगळं दुकान भरलं. अप्पांच्या मेतकुटाला गिऱ्हाईक यायचं ते ह्या वासाला. त्यांचा हात हिंगाला सढळ.

"हा सुटा घेता?"

"सुटा नाही, मोठ्या पिशवीतून येतो. पिशवी फोडून ह्यात ओततो. ह्यातून लोकांना पुड्या बांधतो, मेतकुटात मी घालतो."

"पिशवीवर काय लिहिलंय?"

"हिंगाचं काय वाचायचं मॅडम?" अप्पा म्हणाले. "हिंग नाकानं वाचायचा. चाळीस वर्षं असाच घेतोय."

मॅडमनी रिकामी पिशवी आहे का विचारलं. अप्पांनी गादीमागून एक चुरगळलेली पिशवी काढली. अक्षरं मुंगीएवढी. अप्पांनी चष्मा पुसला, मी डोळे बारीक केले. देवू माझ्या कडेवरून वाकून बघत होती. एकदम तिनं पिशवीवर बोट ठेवलं.

"आई," ती म्हणाली, "आपला शब्द."

मग जोडून-जोडून वाचायला लागली. "खाण्याचा डिंक. गव्हाचे पीठ. हिंग."

"असल्या हिंगाला पीठ लागतंच," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "नुसता हिंग इतका उग्र की वापरता येत नाही. कारखान्यानं पिशवीवर खरं लिहिलंय. पण पिशवी फोडली की लिहिलेलं इथंच राहतं. पुडीवर काही जात नाही."

अप्पा मट्‌कन खाली बसले. "मीच घातलं गं शालन," म्हणाले. "माझ्या हातानं. पोरगी आजारी म्हणून वास चांगला यावा, चार घास जास्ती खावेत, म्हणून तिच्या मेतकुटात मी चिमूट जास्तीच घालत होतो."

आणि मला एकदम माझा मिसळणाचा डबा आठवला. त्यातली हिंगाची पुडी. अप्पांच्याच दुकानातली. वरणाला फोडणी, भाजीला फोडणी, ताकाला फोडणी. मी सासूशी भांडले, शाळेशी भांडले, गिरणीवाल्याला धारेवर धरलं, आणि रोज दोन वेळा चिमटीनं पोरीच्या ताटात मीच गहू वाढत होते. मेतकूट बंद करून उतार कसा पडणार होता? मी देवूला घट्ट धरलं आणि तिथंच पायरीवर बसून हमसून-हमसून रडले. देवू आपली माझे डोळे पुसत म्हणते, "मी बरोबर वाचलं ना? मग रडती कशाला?"

मॅडमनी डोळ्याला रुमाल लावला, पण कागद काही मिटला नाही. "अप्पा, तुमचा हेतू चांगला होता. तरी 'गहू नाही' हे लेबल खोटं ठरलं. दंड होईल. मला सोडता येणार नाही."

"सोडू नका," अप्पा म्हणाले. "सोडलंत तर मला झोप येणार नाही."

दंड भरला आणि दुसऱ्या दिवसापासून अप्पांनी हिंगाच्या प्रत्येक पुडीवर लाल पेनानं लिहायला सुरुवात केली: यात गव्हाचे पीठ आहे. पेठेत हसू झालं. रतनशेठ धावत आले.

"अप्पा, डोकं फिरलं का तुझं? सगळ्यांच्याच हिंगात असतं ते. तू एकट्यानं लिहिलंस, तर लोकांना वाटेल तूच भेसळ करतोस!"

"वाटू दे. हिंगाचा वास लपत नाही रतनशेठ, मग पीठ कशाला लपवायचं?"

आणि तसंच झालं. बायका पुडी उचलायच्या, लाल अक्षर वाचायच्या, नाक मुरडून समोरच्या दुकानात जायच्या आणि तोच हिंग न लिहिलेला घेऊन यायच्या. अप्पांनी लिहायचं सोडलं नाही. देवूसाठी त्यांनी कुठून-कुठून चौकशी करून तांदळाच्या पिठातला हिंग मिळवला.

सहा महिन्यांनी पोरीचे गेल्या वर्षीचे फ्रॉक आखूड झाले. माझ्या आयुष्यात कपडे आखूड झाल्याचा एवढा आनंद दुसऱ्यांदा झाला नाही.

ह्याला आता बारा वर्षं झाली. देवू माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, पुण्याला फार्मसी शिकते. रतनशेठ वारले, नागनाथ घरी बसले. अप्पा ऐंशीकडं झुकलेत, दुकान पुतण्या बघतो, पण मेतकूट अजून अप्पाच भाजतात. परवा देवूला डबा पाठवायचा म्हणून मेतकूट आणायला गेले. दुपार होती, दुकानात दुसरं कुणी नव्हतं. म्हटलं, आता बोलले नाही तर कधी बोलणार?

"अप्पा, एक गोष्ट बारा वर्षं पोटात ठेवलीय."

"तक्रारीची का?" अप्पा पुडी बांधता-बांधता म्हणाले.

मी खांबाला धरलं. "तुम्हाला ठाऊक होतं? कधीपासून?"

"त्याच दिवशी कळलं. मॅडमनी वरच्या फळीकडं बोट केलं तेव्हाच. ते मेतकूट तुझ्याशिवाय नेत होतं कोण?"

"अहो, दहा गिऱ्हाइकं होती ना तुमची!"

"गिऱ्हाईक एकच होतं," अप्पा म्हणाले. "तिसरीत शिकणारं."

"आणि त्या बाकीच्या पुड्या?"

"रोज रात्री माझ्याच भातावर. तुझ्यासाठी पावशेर भाजायचं तर कढईत नीट भाजत नाही, करपतं. मग जरा जास्ती करायचो. एकच पुडी मांडली असती तर तू नेली असतीस का? मानी आहेस तू."

"आणि सही? ती मलाच का करायला लावलीत?"

"रतनशेठ वळत होता तुझ्याकडं. नागनाथ त्याच्या आडतीवर. साक्षीला ज्या बाईची सही, तिनंच तक्रार केलीय असं कुणाच्या मनात येईल?"

एवढी वर्षं मी त्या सहीला अप्पांचा भोळेपणा समजत होते. आणि 'मीच बोलावलं' हे त्यांचं खोटं! अब्रू वाचवायलाच बोलले होते ते, पण कुणाची? माझे डोळे भरून आले.

"राग नाही आला माझा?"

"आला की. दोन दिवस जेवलो नाही." अप्पा हसले. बोळक्या तोंडानं हसले. "मग कळलं, चूक माझीच. तू विचारायला आली होतीस. मी शपथ घेतली आणि तुझं तोंड बंद केलं. शपथ घेतली की पुढचा माणूस विचारायचा थांबतो. आणि आपणही शोधायचं थांबतो. तेव्हापासून मी शपथ घेणं सोडलं. आता काय असेल ते पुडीवर लिहितो, ज्याला वाचायचं त्यानं वाचावं."

त्यांनी पेन काढलं. हात आता कापतो, अक्षर वेडंवाकडं येतं. पुडीवर एकेक जिन्नस लिहिला. डाळी, तांदूळ, मोहरी, मेथी, सगळं. शेवटी लिहिलं, हिंग तांदळाच्या पिठातला. आणि त्याखाली मोठ्या अक्षरात, गहू नाही.

मी पदर तोंडाला लावून रडत होते.

"रडू नको गं, मेतकूट ओलं होईल," अप्पा म्हणाले. "चल, पैसे काढ. मी वाणी आहे, धर्मशाळा नाही."